परमिट रूम ते मायक्रोब्रूअरी : मुंबईच्या पेल्यामागचा कायदा

१/ महाराष्ट्रातील कोणत्याही वर्दळीच्या रस्त्यावर 'रेस्टॉरंट, बार अँड परमिट रूम' अशी पाटी हमखास आढळते. ती इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यातील 'परमिट' नेमके कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. हॉटेलमालकाचे म्हणावे, तर त्याच्याजवळ असते ते लायसन्स. परमिट असते पिणाऱ्याचे. कायद्याचे अक्षर पाहिले तर आजही या राज्यात दारू पिण्यासाठी व्यक्तीला परमिट लागते, कारण १९४९चा दारूबंदी कायदा येथे रद्द झालेलाच नाही. तो फक्त सैल होत गेला.

२/ मुंबई-पुण्याच्या क्राफ्ट बिअरविषयी आणि नव्या रेस्टॉरंटांविषयी समाजमाध्यमांवर बरेच लिहिले जाते. त्यात चर्चा असते ती चवीची, सजावटीची आणि बिलाची. या थ्रेडमध्ये मला वेगळी बाजू मांडायची आहे. या शहरात कोणी काय प्यावे, कोठे बसून प्यावे आणि ते कोणी गाळावे, हे चवीपेक्षा परवान्याने अधिक ठरवले. 'लहान प्रमाणावर, स्थानिक, ताजे' ही क्राफ्ट बिअरची आजची बिरुदे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एका पेयाला तंतोतंत लागू होती. त्या पेयाचे काय झाले, तेथून सुरुवात करू.

३/ माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी. मराठीने पेयाला झाडाचेच नाव दिले आहे. इंग्रजांनी यांतला एकच शब्द उचलला आणि त्याचा 'टॉडी' केला.

४/ मुंबई बेटावरील माहीम, दादर, वरळीच्या वाड्यांत हा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाचा होता. पहाटे झाडावर चढायचे, न उमललेली पोय बांधायची, ठोकून मऊ करायची, तिचे टोक कोयत्याने कापायचे आणि खाली मडके अडकवायचे. प्रथम उतरते ती गोड नीरा. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट काही तासांतच तिची माडी करते, आणि तिच्यातील मद्यांश साधारण बिअरइतकाच असतो. आणखी काही काळ तशीच ठेवली तर तिचा शिर्का होतो. म्हणजे हे पेय दूरवर पाठवताच येत नाही. जेथे झाड, तेथेच दुकान आणि तेथेच गिऱ्हाईक. उरलेल्या माडीचा अर्क वाडीतल्याच लहान भट्टीवर गाळला जाई.

५/ जाता जाता : सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने मुंबईच्या रक्षणासाठी जी पथके उभी केली, ती मुख्यतः भंडाऱ्यांचीच होती. शहराच्या पोलीस दलाचा इतिहास तेथूनच सांगितला जातो. पुढे दोनशे वर्षांनी याच समाजाच्या भट्ट्या शोधत सरकारी शिपाई फिरू लागले.

६/ माडी कधीच करमुक्त नव्हती, हे आधी नोंदवले पाहिजे. पोर्तुगीजांनी कर घेतला, कंपनीनेही घेतला. दारूविक्रीचा हक्क मक्त्याने देण्याची पद्धत जुनीच आहे. मराठीत 'गुत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता असाच आहे. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारूच्या दुकानाला गुत्ता हे नाव पडले ते यावरून. शब्दकोश नीट वाचला तर महसुलाचा अर्धा इतिहास त्यातच सापडतो.

७/ खरा घाव १८७८चा. त्या वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने लहान, विखुरलेल्या भट्ट्यांची व्यवस्था मोडून मोठ्या, सरकारी देखरेखीखालील केंद्रीय भट्ट्यांची व्यवस्था प्रस्थापित केली. कारण सरळ होते. हजार ठिकाणी गाळली जाणारी दारू मोजता येत नाही, आणि जी मोजता येत नाही तिच्यावर नीट कर बसवता येत नाही. एका आवारात गाळली, तर प्रत्येक गॅलन हिशेबात येतो. ताडी-माडीच्या झाडांवर दरझाडी कर वाढला. या व्यवस्थेचा शिल्पकार होता अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड.

८/ परिणाम असा झाला की ज्याचे झाड, ज्याचे कौशल्य आणि ज्याची भट्टी, तो भंडारी आता फार तर रस काढणारा उरला. गाळण्याचे काम मोठ्या भांडवलदार मक्तेदारांकडे गेले. उरणच्या भट्ट्या मोहाच्या दारूसाठी प्रसिद्ध झाल्या, आणि मोहाची फुले पंचमहालांतून येऊ लागली. ठाणे-कुलाब्याच्या जंगलात मोह नव्हता असे थोडेच आहे! पण स्थानिक आदिवासीने आपल्या दारातले फूल गाळले, तर सरकारला काय मिळणार?

९/ म्हणून १८९२ साली 'म्हउरा कायदा' आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावर आणि विकण्यावरच त्याने निर्बंध घातले. दारूवर नव्हे, फुलावर! मोहाचे फूल हे जंगलातल्या कुटुंबाचे उन्हाळ्यातले अन्नही असते; ते वाळवून ठेवतात, शिजवून खातात. सरकारच्या लेखी मात्र तो दारूचा कच्चा माल होता. वसाहतकालीन महसूलनीती म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी हा एकच कायदा दाखवीन.

१०/ गोव्याचे काय? डिसेंबर १८७८च्या ब्रिटिश-पोर्तुगीज कराराने मीठ आणि अबकारी या दोन्ही बाबतींत ब्रिटिश पद्धत गोव्यातही आणली. तेथे तीव्र नाराजी पसरली आणि १८९२ साली तो करार संपुष्टात आला. म्हणजे मुंबई इलाख्यात फुलावर बंदी आली त्याच वर्षी गोवा या जाचातून बाहेर पडला. गोव्यात काजू-माडाच्या लहान भट्ट्या टिकल्या आणि मुंबईत टिकल्या नाहीत, यामागे हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते. 'गोव्याचा स्वभावच तसा' हे उत्तर मला आळशी वाटते.

११/ आता बिअरकडे वळू. बिअर मुंबईत आली ती जहाजातून, गोऱ्या सैनिकांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी. लंडनच्या हॉजसनने हिंदुस्थानात पाठवलेली आणि नंतर बर्टन गावच्या कारखानदारांनी स्पर्धेने पाठवलेली फिकट, हॉप्सची कडवट बिअर पुढे 'इंडिया पेल एल' म्हणून ख्यात झाली. ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, ही दंतकथा आहे. तशी कडवट, टिकाऊ बिअर इंग्लंडात आधीपासून बनत होती. समुद्रप्रवासात ती तग धरते असे दिसले आणि बाजार वाढला. आजच्या बारमधील फळ्यावर 'आयपीए' ही अक्षरे दिसतात, ती या व्यापाराची खूण.

१२/ मुंबईत बिअर बनवणे तेव्हा अवघड होते, कारण आंबवण्यासाठी थंडावा लागतो. म्हणून एकोणिसाव्या शतकातले कारखाने कसौली, मरी यांसारख्या डोंगराळ ठिकाणी उभे राहिले. कसौलीचा कारखाना एडवर्ड डायर याचा. जालियनवाला बागेतला रेजिनाल्ड डायर हा त्याचाच मुलगा. मुंबईला मात्र थंडावाही आयातच करावा लागे : १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनहून बर्फाची जहाजे मुंबईला येत असत.

१३/ येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा थ्रेड दारूचे गुणगान ठरेल. अबकारीला विरोध करणारे सर्वच 'आम्हांला गाळू द्या' असे म्हणत नव्हते. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना त्यांनी लेखी विरोध केला. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन केले. या दोन भूमिकांचे सामाजिक आधार अगदी वेगळे होते; पण महसुलासाठी सरकारच दुकाने वाढवते, हा आरोप समान होता. दारूबंदीला राष्ट्रीय चळवळीत स्थान मिळाले ते या आरोपातून.

१४/ १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. तिची जबाबदारी होती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी, आणि बंदीला सर्वांत कडवा विरोध पारशी समाजातूनच झाला, कारण या व्यापारात त्यांचे भांडवल मोठे होते. अबकारीचे बुडणारे उत्पन्न भरून काढायला शहरातील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसवला गेला, तेव्हा घरमालकही बिथरले. पण महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ओसरला.

१५/ स्वातंत्र्यानंतर तोच प्रयोग पूर्ण ताकदीने परतला. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने न्यायालयात धाव घेतली. त्याने मागितलेल्या वस्तूंच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, बिअरबरोबर औषधी वाइन आणि ओ द कोलोनही होते! १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांपुरती कलमे मात्र रद्द केली. घटनात्मक कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही अभ्यासावा लागतो.

१६/ याच कायद्यात 'परमिट' जन्मले. परदेशी पाहुण्यांना परमिट, आणि ज्याला आरोग्यासाठी मद्य आवश्यक आहे असे डॉक्टर लिहून देईल त्याला परमिट. ज्यांच्याजवळ ते असेल त्यांच्यासाठी हॉटेलात वेगळी खोली, ती परमिट रूम. खोली वेगळी, कारण इतरांच्या नजरेसमोर पिणे नको. आपल्या बारमधला तो अंधार, काळ्या काचा, दर्शनी भागात 'फॅमिली' आणि आत किंवा वर 'एसी' अशी रचना मला या कायद्याचीच सावली वाटते. युरोपातली बिअरची दुकाने रस्त्याकडे तोंड करून बसतात; आपली पाठ फिरवून.

१७/ बंदीच्या काळात शहर कोरडे झाले का? मुळीच नाही. घराघरांत 'आंटी'चे अड्डे चालू झाले. वांद्र्यापासून धारावीपर्यंत हातभट्टीची साखळी पसरली. नवटाक हे खरे तर शेराच्या आठव्या भागाचे साधे माप. पण मुंबईच्या बोलीत त्याचा अर्थ दारूचा घोट असाच होऊन बसला. या धंद्यावरच वरदराजन मुदलियारसारख्यांचे साम्राज्य उभे राहिले. लहान भट्टी पुन्हा आली होती, पण आता तिच्यावर ना वाडीतल्या गिऱ्हाइकाची नजर होती ना कोणाचा वचक.

१८/ १ मे १९६० रोजी राज्य विभागले आणि तोच कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने तो घट्ट धरला. महाराष्ट्राने १९६० च्या दशकात, वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत, तो टप्प्याटप्प्याने सैल केला, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूला कारखान्याची, बाटलीची आणि सीलची चौकट दिली. परमिट मिळणे हळूहळू निव्वळ उपचार ठरले. कायदा मात्र कायम. म्हणूनच ज्या खात्याच्या तिजोरीत दारूचा पैसा जमा होतो, तेच खाते दारूबंदीचा कायदाही राबवते. हा विनोद नव्हे, प्रशासकीय वस्तुस्थिती आहे.

१९/ कायदा सैल होताच शहरातील खाद्यगृहांचा चेहरा बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यावर चहा-ब्रुन-मस्क्याची दुकाने थाटली होती. कयानी १९०४ चे, ब्रिटानिया १९२३ चे. यांतल्या काहींनी आता बिअर ठेवायला सुरुवात केली. फोर्टातल्या कॅफे मिलिटरीत खिम्याबरोबर थंड बिअर, हे समीकरण कितीतरी वकिलांना आणि पत्रकारांना पाठ आहे. दुसरीकडे दक्षिण कन्नडातून आलेल्या शेट्टी मंडळींनी उडुपी हॉटेलांपाठोपाठ बारचा धंदा हाती घेतला. टेबलावर येणारा फुकट चखणा, चणे आणि काकडी, ही या बारची संस्कृती. इराण्याचे संगमरवरी टेबल आणि शेट्टीचा अंधारा एसी हॉल, या दोन खोल्यांत मुंबईचा निम्मा पत्रव्यवसाय घडला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

२०/ खाण्याच्या इतिहासात आणखी एक जागा विसरली जाते : गिरणगावातील खानावळ. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना घरचे जेवण पुरवणाऱ्या स्त्रिया शेकडोंनी होत्या. त्यांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, कामगार पांगले आणि या चुलीही विझत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या फेरवापराची वाट उघडली. जेथे साचे चालत, तेथे मॉल, कचेऱ्या आणि पब आले.

२१/ आता २००९. पुण्यात एका हॉटेलच्या आवारात 'डूलाली' सुरू झाली : महाराष्ट्रातील पहिली आणि देशातील पहिल्या काहींपैकी एक मायक्रोब्रूअरी. नावाची गंमत पाहा. नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिश सैनिकांचा तळ होता. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन् महिने पडून राहत. काम नाही, ऊन भयंकर. त्यांच्या भ्रमिष्टपणाला 'देवळाली टॅप' म्हणू लागले. हा 'टॅप' नळाचा नव्हे, आपला 'ताप'! इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला. शब्द देवळालीहून लंडनला गेला आणि शतकभराने बिअरच्या पेल्यावर बसून पुण्याला परतला.

२२/ पुढे पुण्यात इंडिपेंडन्स, मुंबईत गेटवे आणि व्हाइट ओल आले. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात बार्किंग डिअर आले. गव्हाची बिअर सर्वाधिक खपली. तिच्या यीस्टमधून येणारा केळ्या-लवंगेचा गंध आपल्या जिभेला परका वाटत नाही. ही बिअर बाटलीत महिनोन् महिने टिकत नाही, ती जेथे बनते तेथेच प्यावी लागते. चौथा परिच्छेद आठवा. माडीचेही हेच वैशिष्ट्य होते. फरक इतकाच की स्टीलच्या टाक्या, आयात केलेले हॉप्स आणि परवान्याचे शुल्क पेलण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी आहे, त्याच्यासाठी लहान भट्टी पुन्हा कायदेशीर झाली. त्याच २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे जुन्या भट्टीवाल्याचे उत्पादनच वारसा ठरले. आपल्याकडे वारशाची पाटी नव्याला लागली.

२३/ मला क्राफ्ट बिअरवाल्यांशी भांडण नाही. त्यांनीही जुन्या कायद्याच्या जंजाळातूनच वाट काढली आहे. पण दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात असे वाटते. जून २०१५ : मुंबईत नवे टॅपरूम उघडत असताना मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. २९ डिसेंबर २०१७ : कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. पहिल्या घटनेतले लोक परवान्याच्या बाहेरच्या जगातले, दुसऱ्यातले आतल्या. पण ज्या खात्यांनी फूल, मडके आणि गॅलन यांचा शतकभर काटेकोर हिशेब ठेवला, त्यांच्या व्यवस्थेत पिणाऱ्याच्या जिवाचा हिशेब कोठे मांडलेला असतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

२४/ 'मग सरसकट बंदीच बरी' असे म्हणणाऱ्यांनी चंद्रपूर पाहावे. तेथील स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ साली ती उठवली गेली. शेजारच्या वर्धा आणि गडचिरोलीत मात्र बंदी चालूच राहिली. त्या स्त्रियांची मागणी घरातल्या मारहाणीतून आणि कर्जातून आलेली होती. तिला शहरी चवीच्या बाजूने तुच्छ लेखणे मला पटत नाही.

२५/ चंद्रपूरची बंदी उठली त्याच २०२१ साली राज्य सरकारने मोहाची फुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंधही उठवले. म्हउरा कायद्यापासून मोजले तर १२९ वर्षे झाली होती. आता आदिवासी कुटुंब फुले मोकळेपणाने वेचू शकते, वाळवू शकते, बाजारात विकू शकते. ती गाळायची मात्र परवाना असलेल्यानेच.

२६/ तुमच्या गावात ताडी-माडीचे जुने दुकान, गुत्त्याचे नाव राहिलेला एखादा नाका किंवा परमिटचे जुने पुस्तक घरात असेल, तर फोटो जरूर टाका. पुढचा थ्रेड बाराव्या परिच्छेदातल्या बॉस्टनच्या बर्फावर.